गाडी तापत होती ते तीन आठवडे

मी गेली बावीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवतो आणि त्यातल्या त्यात उष्णता हा माझा लाडका धडा. वहन, अभिसरण, प्रारण मी पोरांकडून इतकं घोटून घेतो की झोपेतून उठवलं तरी ती म्हणून दाखवतील. प्रेशर कुकरचं उदाहरण आलं की माझा आवाज आपोआप चढतो. कुकर गरम असताना झाकण कधीही उघडू नये, असं मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि खाली दोन रेघा मारतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं वाचल्यावर ह्या माणसाला शिक्षक कुणी केलं असा प्रश्न पडला, तर तो मलाही पडलेला आहे.

आमची वस्ती नेवाशापासून जवळच, शेतात. घरात आई, बायको, आठवीतली मुलगी आणि मी, आणि गोठ्यात दोन म्हशी. म्हशी बायकोच्या आणि गाडी माझी अशी वाटणी आहे. म्हशी दोन्ही वेळा दूध देतात. गाडीनं काय दिलं ते सांगायला बसलोय.

गाडी जुनी घेतलेली. घेण्याआधी नाक्यावरच्या मेकॅनिकला दाखवली होती. त्यानं बॉनेट उघडलं, मिनिटभर आत बघितलं, बंद केलं आणि म्हणाला, "सर, रंग चांगला हाय. पन नगा घेऊ." मला तो रंग फारच आवडला होता. घेतली. तेव्हापासून त्याच्या गॅरेजवरून जाताना मी काच वर करतो आणि सरळ समोर बघतो. गाडी खोकत असली तर लांबच्या रस्त्यानं जातो.

गाडी ठेवायला जागा एकच, गोठ्याला लागून असलेलं पत्र्याचं शेड. मला गाडी मागे घेता येत नाही. म्हणजे घेता येते, पण ती तिला वाटेल तिथे जाते. म्हणून मी ती सरळ तोंडानं शेडात घालतो. सकाळी बाहेर काढताना मागेच घ्यावी लागते, पण बाहेर सगळं मोकळं रान आहे, तिथे ती कुठेही गेली तरी चालतं.

आता आईचं सांगतो, कारण हे सगळं तिच्यासाठीच चाललं होतं, निदान मी तसं म्हणत होतो. मुलीला शाळेतून एक कागद मिळाला. घरातल्या प्रत्येकाचं नाव, शिक्षण, जन्मगाव लिहून आणायचं. आजीच्या रकान्यात तिनं न विचारता खर्डा लिहिलं, कारण आईचं माहेर खर्ड्याचं. आई शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "खर्डा न्हाई. खर्ड्याला आमी ऱ्हायचो. मी उसात झाले."

आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. माझे आजोबा-आजी दरसाल ऊसतोडीला जायचे हे मला माहीत होतं. दिवाळी झाली की बैलगाडीत संसार घालून निघायचे ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचे. पण आई त्या तोडीच्या हंगामातच, कुठल्याशा कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, उसाच्या पाल्याच्या झोपडीत जन्मली, हे मला पन्नाशीला टेकेपर्यंत ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. कुठला फड, कुठलं गाव, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. लहानपणी कुणी सांगितलं नाही आणि पुढे सांगणारे राहिले नाहीत. आता ते एकाच माणसाला ठाऊक होतं, तिच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला. ती झाली तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता आणि पलीकडच्या कोपीतून बाळंतपण करणाऱ्या म्हातारीला बोलावून आणायला तोच पळत गेला होता. एवढं तिनं ऐकलेलं होतं.

मामाला फोन लावला. मामाला फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मामी शेजारी उभी राहून आमचं बोलणं त्याच्या कानात ओरडते. प्रश्न पोहोचल्यावर मामा बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "लई मोठी गोष्ट हाय ती. आशी फोनवर न्हाई सांगायची. तू ये, बसून सांगतो."

आईनं फोन माझ्या हातात दिला. "यवढं मला कळू दे बाबा," ती म्हणाली. "मानसाला आपन कुठं झालो ते तरी म्हाईत पायजे." आई सहसा काही मागत नाही. मी लगेच म्हणालो, "येत्या रविवारी जाऊ. आपल्या गाडीनं." आपल्या गाडीनं हे शब्द मी जरा जोरातच म्हणालो.

रविवारी सकाळी सातला निघालो, मी आणि आई दोघंच. एसटीच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपत नाहीत आणि खर्ड्याला जायचं म्हणजे दोनदा गाडी बदलायची, तेव्हा तो मार्ग नव्हताच. तिनं भावासाठी धपाटे केले होते आणि एक नवं कोरं धोतर घेतलं होतं. एसी लावला. आईला एसी आवडत नाही, पण मला लावायला आवडतो. इमामपूरचा घाट निम्मा चढलो असू, तेव्हा आई म्हणाली, "काय तरी शिजल्यावानी वास येतोय."

"बाहेरून येतोय," मी म्हणालो.

एसीनं गरम हवा मारायला सुरुवात केली. मग मी काट्याकडे बघितलं. तापमानाचा काटा पार वर जाऊन टेकला होता. बॉनेटच्या फटीतून वाफ निघायला लागली, तेव्हा मात्र बाहेरून येतोय म्हणायला तोंड राहिलं नाही. गाडी कडेला घेतली, आईला झाडाच्या सावलीत बसवलं, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला. झाकण चटका देत होतं. म्हणून मी मागच्या सीटवरचं धोतर घेतलं, मामाचं नवं कोरं धोतर, त्याची घडी हातावर धरली आणि झाकण फिरवलं.

पुढे जे झालं ते मी फळ्यावर बावीस वेळा लिहिलेलं आहे. तपकिरी उकळतं पाणी हातभर उडालं. मी वेळेत मागे उडी मारली असं मला वाटलं, पण मनगट भाजलंच, शर्टही भिजला आणि धोतराला असे डाग पडले की ते पुढे गाडी पुसायलाच कामाला आलं.

एक टेम्पोवाला थांबला. उतरून आधी माझ्या मनगटावर थंड पाणी ओतलं, मग म्हणाला, "साहेब, घरी कुकर बी आसाच उघडता व्हय?"

मी धोतर पिळायला लागलो.

"काय करता तुमी?"

"शेती," मी म्हणालो.

सावलीतून आईचा आवाज आला, "मास्तर हाय त्यो. सायन्स शिकवतो."

टेम्पोवाला भला माणूस. हसला नाही, खाली बघितलं. त्यानं तासभर गाडी थंड होऊ दिली, मग आमच्या बाटल्यांमधलं पाणी हळूहळू आत ओतलं आणि पुढे जाऊ नका, माघारी फिरा असं बजावलं. "जाताना हिटर फुल्ल लावा, काचा खाली करा. इंजनाची गरमी आत वढली जाती, तेवढाच त्याला आराम." शास्त्रीयदृष्ट्या हे शंभर टक्के बरोबर होतं आणि मला सुचलं नव्हतं. तर एप्रिलच्या चढत्या उन्हात हीटर पूर्ण लावून मी माझ्या बहात्तर वर्षांच्या आईला घरी आणलं. ती सगळी वाट पदरानं तोंड पुसत होती. घोडेगावपाशी एकदाच म्हणाली, "पानी हाय का रं?" पाणी सगळं गाडीनं पिऊन टाकलं होतं.

त्याच संध्याकाळी बांधापलीकडचा माझा चुलतभाऊ आला. त्याच्याकडे जीप आहे आणि तिला काहीही होत नाही. "उद्या काकूला मी नेऊन आनतो," तो म्हणाला. "दिसभराचं तर काम."

"आपली गाडी दारात असताना?" मी म्हणालो.

आमच्याकडे हे एवढं म्हटलं की पुढे बोलणं होत नाही. समोरच्यालाही ते पटतं. दारात गाडी उभी आणि घरची म्हातारी दुसऱ्याच्या गाडीतून माहेरी चालली, हे रस्त्यावरचा प्रत्येक माणूस बघणार आणि तिकडे पोहोचल्यावर मामीही विचारणार. गाडी घेतली म्हणजे नुसती गाडी नसते, ती घेतल्याचं रोज दाखवावं लागतं. शिवाय मी सगळ्यांना सांगून बसलो होतो की ह्या आठवड्यात मी ती स्वतः दुरुस्त करतो. नाक्यावर न्यायचा तर प्रश्नच नव्हता. पन नगा घेऊ, असं म्हणालेल्या माणसासमोर ती गाडी उघडी करून ठेवायची म्हणजे काय?

मग मी मोबाईलवर बघून शिकायला लागलो. गाडी का तापते यावर लोकांनी इतकं बोलून ठेवलंय की ते सगळं ऐकायचं तर माणूस तापेल. पहिला संशय पाण्यावर. आमच्या बोअरच्या पाण्यात एवढे क्षार की चहाच्या पातेल्यात पांढरा थर धरतो. तेच पाणी मी दोन वर्षं गाडीला पाजत होतो, कारण कूलंट म्हणजे रंग टाकलेलं पाणी, असं माझं ठाम मत होतं. सगळं पाणी काढून टाकलं. निघालं ते पाणी नव्हतं, गाळलेला चहा होता. तीनदा आतून धुतलं, खरं कूलंट आणून भरलं, आणि अंगणात गाडी चालू करून समोर खुर्ची टाकून बसलो. वीस मिनिटांत काटा वर.

मुलगी म्हणाली, "पप्पा, आता निदान रंगीत पाणी उकळतंय."

दुसऱ्या आठवड्यात मी थर्मोस्टॅटपर्यंत पोहोचलो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं छोटं दार. इंजिन गार असलं की बंद राहतं, तापलं की उघडतं आणि गरम पाणी रेडिएटरकडे सोडतं. ते दार अडकलं तर गाडी तापणारच. मला इतकं पटलं की मी शनिवारची शाळा सुटायची वाट बघत होतो. दोन तास खटपट करून ते बाहेर काढलं. शाळेच्या प्रयोगशाळेतून तापमापी आणली होती. बायकोचं चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्यानं लटकवला आणि पाणी तापवत राहिलो. ऐंशीच्या पुढे गेल्यावर त्यानं अगदी हळू तोंड उघडलं. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारली. ती गुडघे धरत आली, पातेल्यात वाकून बघितलं.

"म्हंजे ह्ये चांगलं हाय?"

"एकदम चांगलं आहे!"

"मग बिघडलंय काय?"

मी गॅस बंद केला. बायकोनं चिमट्यानं पातेलं उचललं आणि अंगणात नेऊन ठेवलं. "हे आता गाडीचंच," म्हणाली. "तिलाच च्या करून द्या ह्यात."

ते दार परत बसवताना मी जुनंच वायसर वापरलं, त्यामुळे तिथून गळायला लागलं. नवं वायसर नेवाशात मिळालं नाही, नगरहून मागवलं. तो रविवारही गेला. रेडिएटरचं झाकण बदललं. पंखा फिरतोय का ते बघितलं, फिरत होता. पाण्याच्या पंपाला कान लावला. काय ऐकायचं ते माहीत नव्हतं, पण कान लावला. रोज संध्याकाळी मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा आणि शेजारी म्हशींचा चारा बारीक करायचं बायकोचं कडबाकुट्टीचं यंत्र धाडधाड चालू. तिची कुट्टी रोज वेळेवर होत होती. तिच्या यंत्राचा मला राग यायचा, कारण ते चालत होतं.

मध्येच चुलतभाऊ परत आला. "काकूला नेऊ का?" त्यानं विचारलं. ह्या वेळी आई ओट्यावर बसलेली होती आणि तिनं ऐकलं. तिनं माझ्याकडे बघितलं. तिला जायचं होतं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं आणि मला वाचता येतं. मी म्हणालो, "येत्या रविवारी आपल्याच गाडीनं जाऊ की. आता थोडंच राहिलंय."

"बरं," आई म्हणाली.

चुलतभाऊ गेला. मी परत बॉनेटमध्ये डोकं घातलं. त्या दिवशी मी हो म्हणायला हवं होतं. मी नाही म्हणालो, कारण पंधरा दिवस हात काळे करून शेवटी जीपच येणार असेल तर मग मी काय केलं, हा विचार माझ्या डोक्यात आला होता. आईच्या डोक्यात काय चाललंय याचा विचार आलाच नाही.

त्या आठवड्यात मामीचा फोन आला. मामा रोज विचारतो म्हणाली, बहीण कधी येणार. रोज अंघोळ करून ओसरीवर बसतो. "गाडी जरा तापतीय," आई फोनवर सांगत होती. "पोरगं करतंय नीट. चांगलं शिकलेलं हाय, करंल." हे ऐकत मी पाना शोधत होतो. पाना माझ्या खिशात होता.

तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी मी हात टेकले. माझं निदान तयार होतं, इंजिनचं हेड गेलं. म्हणजे मोठं काम आणि म्हणजेच माझा दोष नाही. संध्याकाळी मी हे अगदी गंभीर तोंड करून बायकोला सांगत होतो. ती यंत्राखालची सांडलेली कुट्टी झाडूनं गोळा करत होती. गाडीच्या पुढच्या चाकापाशी उडालेली कुट्टी काढायला ती खाली वाकली आणि तशीच वाकून राहिली.

"अहो, हिच्या तोंडात काय भरलंय?"

"कुणाच्या?"

"गाडीच्या. इकडं या, खाली वाका."

मी खाली वाकलो. तीन आठवडे मी गाडीत वरून डोकं घातलं होतं, समोरून तिचं तोंड कधी बघितलं नव्हतं. जाळीच्या आत, जिथून हवा आत शिरते तिथे, राखाडी-हिरवट थर बसलेला होता. बोट घातलं तर घोंगडीसारखा लागला. बायकोनं चिमूटभर ओढून काढला आणि तळहातावर चोळला. "ही तर आपलीच कुट्टी. उसाच्या वाढ्याची," ती म्हणाली. "कूलरची जाळी आशी भरली की त्यो बी गरम हवाच मारतो. दर उन्हाळ्यात धुते मी. हिला हवा कुठनं मिळायची?"

सगळं एकदम कळलं, आणि इतकं सोपं होतं की मी तसाच खाली बसलो. मला गाडी मागे घेता येत नाही, म्हणून मी ती नाक भिंतीकडे करून लावतो. भिंतीपाशी कुट्टीचं यंत्र. यंत्राच्या तोंडातून रोज संध्याकाळी भुशाचा ढग उडतो तो सरळ गाडीच्या नाकात. दोन वर्षं रोज. मी गाडी चालवताना तो आणखी आत ओढून घ्यायचो, एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत. जे लोक गोठ्यात गाडी लावत नाहीत त्यांनी केलेले व्हिडिओ बघून मला हे कसं कळणार होतं? आणि जी रोज ते यंत्र चालवत होती तिला मी तीन आठवड्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट सैल करून तो जरासा मागे कलता केला. जोराच्या पाण्यानं त्याच्या पातळ पात्या मुडपल्या असत्या, म्हणून बायकोनं पिकावर फवारणी करायचा पाठीवरचा पंप आणला, स्वच्छ धुऊन साधं पाणी भरलं आणि मागून पुढे, बारीक फवाऱ्यानं मारत गेली. मी टॉर्च धरून उभा होतो. अंधार पडेपर्यंत पाऊण घमेलं भुसा निघाला. त्यात एका म्हशीचा सकाळचा नाष्टा भागला असता. मग गाडी चालू केली. वीस मिनिटं, पाऊण तास. काटा निम्म्यावर येऊन थांबला तो तिथेच राहिला. एसी लावला, तरी तिथेच. मी आईला हाक मारून काटा दाखवला. "रविवारची कशाला वाट बघायची?" मी म्हणालो. "परवाच रजा काढतो." आई रात्री जेवताना खूप बोलत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामीचा फोन आला. मामाला रात्रीत लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शेजाऱ्यांनी गाडी करून त्याला नगरला दवाखान्यात आणलं होतं.

आम्ही लगेच निघालो. एक गोष्ट सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. इमामपूरचा घाट चढताना माझं लक्ष काट्याकडे होतं. काटा हलत नव्हता आणि मला बरं वाटत होतं. शेजारी आई हात जोडून बसली होती, तिचे ओठ हलत होते, आणि मी मनातल्या मनात काट्याला शाबास म्हणत होतो. घाटमाथ्यावर आल्यावर हे माझं मला कळलं आणि मी एसी बंद केला. त्यानं काय होणार होतं कोण जाणे.

मामा जागा होता. आईला बघितल्यावर त्याचा डावा हात वर आला. ती त्याच्या उशाशी बसली, हात हातात घेतला. मग मामा बोलायला लागला. म्हणजे आवाज काढायला लागला. त्याला काय सांगायचंय ते त्याला स्वच्छ माहीत असावं, कारण तो थांबून थांबून, लहान मुलाला समजावल्यासारखा, एकेक आवाज काढत होता. त्यात एकही शब्द नव्हता. आई प्रत्येक आवाजाला "व्हय दादा, व्हय" म्हणत होती.

आणि मी काय केलं? मी मास्तर. मी पुढे झालो आणि म्हणालो, "मामा, मी गावांची नावं घेतो, बरोबर आलं की मान हलवा." राहुरी म्हणालो, मामानं मान हलवली. मला हर्ष झाला. खात्रीसाठी श्रीरामपूर म्हणालो, मान हलली. कोपरगाव, हलली. नेवासा, हलली. शेवटी मी पुणे म्हणालो, तरी हलली. तो माझ्याकडे बघत सगळ्यालाच हो म्हणत होता आणि त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. आईनं माझ्या हाताला धरून मला मागे ओढलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्याची परीक्षा नगं घेऊ."

संध्याकाळपर्यंत बसलो. डॉक्टर म्हणाले जीवाला धोका नाही, बोलण्याचं सांगता येत नाही, ह्या वयात फारशी आशा धरू नका.

परतताना घाट उतरल्यावर मी म्हणालो, "आई, त्या पहिल्याच दिवशी तुला जीपनं पाठवायला हवं होतं. माझं चुकलं."

"तू तरी काय करशील," ती म्हणाली. "गाडी तापत हुती."

ती माझी बाजू घेत होती. मला ते सहन होईना. थोडं पुढे गेल्यावर मी सवयीनं गाडी कडेला घेतली, तीन आठवड्यांत लागलेली सवय, काही अंतर झालं की उतरायचं, बॉनेट उघडायचं, गळतंय का, वास येतोय का बघायचं. काही नव्हतं. इंजिन सुरळीत चालू होतं. बॉनेट बंद केलं तर आई उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती. समोर ऊस होता. बाकीच्या रानांमधली तोड कधीच संपली होती, हाच एक पट्टा उभा राहिलेला. ती त्याच्याकडे बघत होती. तोडीवाले इकडेच यायचे, ह्याच रस्त्यानं, ह्याच रानांमधून. लग्न होऊन ती इथे आली त्याला पंचावन्न वर्षं झाली. कदाचित ती परत आपल्याच जन्मगावाला येऊन राहिली असेल, कदाचित नसेल.

"कुठलं गाव रं हे?" तिनं विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं.

तिनं ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. "आता हेच म्हनायचं," ती म्हणाली, "कुनी इचारलं तर."

तिथे मी थांबलो होतो तो फक्त गाडी बघायला. पुढे कुठेतरी थांबलो असतो तर दुसरं गाव आलं असतं. हे मी तिला सांगितलं नाही. तिला धरून गाडीत बसवलं आणि घरी आलो.